नाविकांचे बंड कसे पेटले?

१९४६ च्या नाविक बंडाला निमित्त झाले निकृष्ट जेवणाचे, हे खरेच. परंतु वरिष्ठांची शिवीगाळ आणि गोऱ्या-काळ्यांच्या पगारातला भेद यांमुळे कुलाब्याच्या 'तलवार' तळावर असंतोष आधीच धुमसत होता. १८ फेब्रुवारीला नाविकांनी अन्न नाकारले. लगोलग बंदरातली जहाजेही संपात उतरली. २२ तारखेला गिरणीकामगारांनी मुंबई बंद पाडली. परळला कमल दोंदे गोळीला बळी पडल्या. कोणावर सूड उगवला जाऊ नये म्हणून काँग्रेस झटेल, या सरदार पटेलांच्या आश्वासनावर २३ ला नाविकांनी माघार घेतली. तरीही शेकडो बडतर्फ झाले. स्वतंत्र भारताच्या नौदलानेही त्यांना परत घेतले नाही. संप मिटवताना 'सर्वांना कामावर घ्या' ही अट आम्ही पहिली घालतो, ती याचसाठी.