मेळघाटातील बालमृत्यू व आरोग्यसेवेचे मूल्यमापन

आरोग्यसेवेवरील खर्च व त्यामुळे टळलेले मृत्यू यांची सांगड घालून सेवेचे मूल्य ठरविणे, हे आरोग्य-अर्थशास्त्राचे एक प्रमुख कार्य होय. वऱ्हाडात हा प्रश्न तीव्रतेने पुढे आला तो मेळघाटामुळे. अमरावती जिल्ह्यातील धारणी व चिखलदरा या कोरकूबहुल तालुक्यांतील बालमृत्यू १९९३ मध्ये सर्वत्र गाजले. दुर्गम गावांसाठी दूरचे रुग्णालय उपयुक्त की घरपोच सेवा, याचा मोजून निर्णय विदर्भाच्या पूर्व टोकास, गडचिरोलीत झाला. तेथे अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत प्रशिक्षित ग्रामीण स्त्रियांकरवी नवजात अर्भकांवर घरीच उपचार केले. तुलनेसाठी ४७ गावे निवडली होती. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तुलनेच्या गावांपेक्षा नवजात-मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. दर अर्भकामागे ५.३ डॉलर खर्च आला आणि १९९७-९८ मध्ये दर १८ अर्भकांच्या सेवेमागे एक मृत्यू (गर्भस्थ वा नवजात) टळला. म्हणजे एका जीवामागे सुमारे ९५ डॉलर. २०११ पासून ‘आशा’ कार्यकर्तींमार्फत ही पद्धत देशभर स्वीकारण्यात आली. मेळघाटासारख्या प्रदेशात मात्र रुग्णालयीन सेवेच्या खर्चात कुटुंबाचा प्रवास व बुडालेली मजुरीही धरावी लागते. अन्यथा घरपोच सेवेचे खरे मूल्य हिशेबात उतरत नाही.