ठिणगीचे ठिकाण

आमच्या शाळेच्या कुंपणापलीकडे नांगरट सुरू झाली की माझ्या तासातली निम्मी मुले खिडकीबाहेर पाहू लागतात. मी त्यांना रागावत नाही, कारण मीही पाहतच असतो. एकदा सातवीतल्या एकाने विचारले, "गुरुजी, आमच्या ट्रॅक्टरला प्लग कुठं असतो?" त्याला प्लग नसतोच, असे मी सांगितले. डिझेलच्या इंजिनात हवा इतकी दाबली जाते, की ती दाबानेच तापते आणि तिच्यात उडालेले तेल आपसूक पेटते. मुलाचे समाधान झाले, माझे मात्र झाले नाही. कारण जगाच्या शेतांवर ट्रॅक्टर पसरला तो मुख्यतः ठिणगीवर चालणारा, आणि कितीतरी वर्षे त्या ठिणगीनेच शेतकऱ्याला रडवले.

मी काही यंत्रांचा जाणकार नव्हे. विज्ञान शिकलो ते मॅट्रिकपुरते. पण लहानपणी घरात वडिलांची जुनी स्कूटर होती, आणि तिच्यापायी मी एक शिक्षा भोगली आहे. एका दुपारी आईला तालुक्याच्या दवाखान्यात नेताना ती दोन कोसांवर बंद पडली. अर्ध्या तासाने सुरू झाली, पुन्हा बंद पडली. आदल्या दिवशी पेट्रोल मी आणले होते, तेव्हा त्यात कचरा होता असे ठरले. कार्ब्युरेटर तीनदा उघडला, तीनदा धुतला, आणि दर वेळी बोलणी मी खाल्ली. त्या गोष्टीकडे पुढे येतोच.

ठिणगीचा इतिहास सुरू होतो तो जर्मनीतल्या स्टुटगार्ट शहरात. रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यात गोटलोब होनोल्ड या अभियंत्याने १९०२ साली उच्च दाबाचा मॅग्नेटो तयार केला. चुंबकाच्या कवेत तारेची गुंडाळी फिरवायची, तिच्यात उपजलेला प्रवाह नेमक्या क्षणी तोडायचा, की प्लगच्या टोकाशी ठिणगी उडते. बॅटरी लागत नाही. हे यंत्र इतके भरवशाचे ठरले, की १९१४ साली महायुद्ध पेटले तेव्हा ब्रिटनच्या ध्यानात आले, आपल्या मोटारींना आणि विमानांना लागणारे मॅग्नेटो जवळजवळ सगळे शत्रूच्या देशातून येतात! मग घाईघाईने ते घरी बनवण्याची खटपट सुरू झाली. लढाईच्या इतिहासात तोफांची वजने असतात. मॅग्नेटोला मात्र तिथे कोपराच मिळतो.

त्याच युद्धात जर्मन पाणबुड्या धान्याची जहाजे बुडवू लागल्या. घोडे आणि माणसे आघाडीवर गेलेली, आणि ब्रिटनला तर जास्त जमीन नांगरायची होती. म्हणून सरकारने अमेरिकेतल्या हेन्री फोर्ड यांच्याकडे सहा हजार ट्रॅक्टरांची मागणी नोंदवली. १९१७ च्या ऑक्टोबरात फोर्डसन ट्रॅक्टर कारखान्यातून बाहेर पडू लागले, आणि पुष्कळदा ते चालवायला बसल्या शहरांतून आलेल्या तरुण मुली.

या फोर्डसनची ठिणगी फोर्ड यांच्या मोटारीसारखीच होती. चुंबकांची माळ थेट फ्लायव्हीलवर बसवलेली, आणि प्रत्येक सिलिंडरला एक अशा चार कॉईलची पेटी. प्रत्येक कॉईलवर थरथरणारी एक पट्टी असे. ती मधमाशीसारखी गुणगुणू लागली की समजायचे, ठिणगी पडते आहे. युक्ती स्वस्त आणि मस्त. पण चुंबक जितका जोरात फिरेल तितकाच प्रवाह जोरकस. इंजिन सुरू झाले की काळजी नाही, पण ते सुरू करायचे कसे? थंडीच्या पहाटे तेल गोठून घट्ट झालेले, त्यात बुडालेल्या क्लचच्या तबकड्या एकमेकींना चिकटलेल्या, आणि माणसाने पुढे उभे राहून हँडल मारायचे. मनगटाच्या जोराने चाक फिरून फिरणार किती? जेव्हा ठिणगीची सर्वांत जास्त गरज, नेमकी तेव्हाच ती सर्वांत दुबळी. ठिणगी मागे घेण्याची दांडी विसरली, तर हँडल उलटे फिरून हात मोडायचा. म्हणून जाणती माणसे हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवीत. इंजिन पेट्रोलवर सुरू करून मग रॉकेलवर न्यायचे. त्या रॉकेलची काजळी प्लगवर बसली की पुन्हा पहिल्यापासून सारे.

तरी तो खपला, कारण स्वस्त होता. १९२२ साली त्याची किंमत ३९५ डॉलरवर आली होती. पुढे कारखाना आयर्लंडात कॉर्कला गेला, आणि १९२९ साली तिथे निघालेल्या सुधारलेल्या फोर्डसनला अखेर उच्च दाबाचा मॅग्नेटो मिळाला.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ती गोष्ट. १९३९ साली फोर्ड आणि आयरिश संशोधक हॅरी फर्ग्युसन यांनी मिळून एक करडा ट्रॅक्टर बाजारात आणला. नाव साधे, ९एन. हँडल गेले, बॅटरी आणि स्टार्टर आले. मागचा नांगर तेलाच्या दाबाने उचलला जाऊ लागला. आजच्या ट्रॅक्टरवरची तीन सांध्यांची रचना पसरली ती यानेच. अशा देखण्या यंत्राचा डिस्ट्रिब्यूटर बसवला कुठे? इंजिनाच्या थेट पुढ्यात, पंख्याच्या मागे, आणि त्याच्याच डोक्यावर कॉईल. कॅमशाफ्टच्या टोकावरच जोडता आला, म्हणजे कारखान्याचे चार सुटे भाग वाचले. पण शेतकऱ्याला पॉइंटमधली फट पाहायची, तर ना डोळा पोचे ना बोट. फट पाहिजे ०.०१५ इंच, म्हणजे चार-पाच पानांच्या जाडीइतकी! शेवटी दोन बोल्ट काढून सगळा डिस्ट्रिब्यूटरच उतरवायचा, घरात आणायचा, टेबलावर पॉइंट बसवायचे आणि परत नेऊन लावायचा. बॅटरी सहा व्होल्टची, तिचे धन टोक सांगाड्याला जोडलेले. स्टार्टर फिरू लागला की तिचा जोर उतरे आणि ठिणगीला उरेल तेवढ्यावर भागवावे लागे. १९४२ साली युद्धाच्या टंचाईत निघालेल्या २एनमधून तर बॅटरीच गेली आणि मॅग्नेटो परत आला.

१९४७ साली ८एन निघाला, तांबड्या पोटाचा. फर्ग्युसनशी फाटले, कोर्टकचेऱ्या झाल्या, पाच लाखांहून अधिक ट्रॅक्टर खपले. आणि डिस्ट्रिब्यूटर होता तिथेच. १९५० साली तो अखेर इंजिनाच्या बाजूला आला, जिथे टोपण काढून उभ्याउभ्या फट मोजता येते. जागा बदलायला अकरा वर्षे लागली. त्यात किती पेरण्यांचे दिवस गेले, याची नोंद कुणी ठेवलेली नाही.

दोष शोधण्याची रीत मात्र दोन्हींकडे एकच. आधी प्लगची तार काढून लोखंडाजवळ धरायची. निळी, कडकडणारी ठिणगी पाव इंच उडाली तर ठीक. पिवळी, मेलेली पडली तर पॉइंट पाहायचे, मग कंडेन्सर, मग कॉईल. कार्ब्युरेटरला हात सगळ्यांत शेवटी. कंडेन्सर म्हणजे अंगठ्याएवढी डबी; पॉइंट उघडताना तिथे जळू पाहणारा प्रवाह ती शोषून घेते, म्हणून ठिणगी प्लगवर जोरात पडते. ही डबी किंवा कॉईल कधीकधी गारठ्यात शहाणी असते आणि तापली की बिघडते. यंत्र तासभर चालते, भर उन्हात बंद पडते, निवले की पुन्हा सुरू होते. शेतकऱ्याला वाटते, पेट्रोल तुंबले.

आमच्या स्कूटरचे हेच झाले होते. आठवड्याने तालुक्याच्या एका म्हाताऱ्या मिस्तरीने किक मारून प्लगची ठिणगी पाहिली, "करंट पिवळा आहे," एवढेच म्हणाला, आणि कंडेन्सर बदलला. वडिलांनी जुनी डबी खिशात घातली. घरी येईपर्यंत ते काही बोलले नाहीत. रात्री जेवताना आईला म्हणाले, "त्याला अजून थोडं तूप वाढ."