तीव्र ल्युकेमियातील रक्तस्राव व रक्तगुठळ्या

तीव्र रक्तकर्करोगात रोगामुळे किंवा उपचारांमुळे रक्त गोठण्याची यंत्रणा बिघडून होणारे उपद्रव.

कारणे : अस्थिमज्जेत अपक्व पेशींची गर्दी झाली की प्लेटलेट घटतात (→ अस्थिमज्जा). प्रोमायलोसाइटिक प्रकार, ज्याचे वर्णन नॉर्वेच्या हिलेस्टाड यांनी १९५७ मध्ये केले, रक्तस्रावाच्या बाबतीत अधिक घातक. त्यातील पेशी गोठण्याची साखळी भडकवतात आणि गुठळ्या विरघळवणारी क्रियाही वाढवतात. फायब्रिनोजेन संपत जाते. एकाच शरीरात गुठळी आणि रक्तस्राव दोन्ही! (→ रक्तक्लथन)

लक्षणे : नडगीवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके, हिरड्यांतून रक्त, सुई टोचल्या जागी न थांबणारी झिरप. मेंदूतील रक्तस्राव सर्वांत भयंकर. लिंफोब्लास्टिक प्रकारात अ‍ॅस्परॅजिनेज हे औषध यकृतात होणारी अँटिथ्रॉम्बिनची निर्मिती घटवते. त्यामुळे मेंदूच्या शिरांतही गुठळी होऊ शकते.

उपचार : स्थिर रुग्णास प्लेटलेट साधारण १०,००० प्रति मायक्रोलिटरखाली गेल्यावर देतात, प्रोमायलोसाइटिक प्रकारात ३०,००० ते ५०,०००च्या वर राखतात. या प्रकाराचा संशय येताच, जनुकीय अहवालाची वाट न पाहता, ट्रान्स-रेटिनॉइक आम्ल सुरू करतात. शांघायच्या वांग झेनयी यांच्या गटाने त्याचे निष्कर्ष १९८८ मध्ये प्रसिद्ध केले. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने एकट्या आर्सेनिक ट्रायऑक्साइडचा उपयोग दाखवला.

महत्त्व : कोलकात्यात सॉल्ट लेकशेजारच्या न्यू टाउनमधील टाटा मेडिकल सेंटर (२०११) आणि मुंबईचे टाटा मेमोरियल (१९४१) येथे अशा रुग्णांवर उपचार होतात. मात्र औषधाइतकीच रक्तपेढीही जवळ लागते : प्लेटलेट खोलीच्या तापमानाला सुमारे पाचच दिवस टिकतात (→ रक्तपेढी).