मॅकनमाराचे एक लाख

'फॉरेस्ट गम्प' किंवा त्याची हिंदी आवृत्ती 'लालसिंग चढ्ढा' तुम्ही पाहिला असेल. बुद्ध्यांक जेमतेम ७५, तरी युद्धात सोबत्यांना पाठीवर घेऊन धावणारा नायक. अशा मुलांना मुद्दाम सैन्यात घेण्याचं धोरण अमेरिकेत खरोखर राबवलं गेलं होतं. त्याचा शेवट मात्र सिनेमासारखा नाही.

साल १९६६. व्हिएतनाममध्ये माणसं कमी पडत होती. कॉलेजात शिकणाऱ्यांना सक्तीच्या भरतीतून सवलत होती. ती काढली तर मध्यमवर्ग खवळणार. दुसरीकडे राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी गरिबीविरुद्धही युद्ध पुकारलं होतं. संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅकनमारा यांनी दोन्हींची सांगड घातली. ऑगस्टमध्ये त्यांनी 'प्रोजेक्ट वन हंड्रेड थाउजंड' जाहीर केला. सैन्याच्या चाचणीत नापास ठरणाऱ्या तरुणांपैकी दरवर्षी एक लाख घ्यायचे, आधुनिक साधनांनी शिकवायचे आणि हुन्नर देऊन घरी पाठवायचे.

हे तरुण कोण होते? चाचणीत ज्यांचे गुण खालून दहा ते तीस टक्क्यांच्या पट्ट्यात येत, ते. आता ही चाचणी शब्द, गणित, आकृत्या यांची. धड शाळाच न मिळालेला दक्षिणेतला हुशार मुलगा आणि मुळातच सावकाश शिकणारा मुलगा, दोघांचा आकडा सारखाच येऊ शकतो. पहिल्याला शिक्षक हवा होता. दुसऱ्याला वेळ, सोपं काम आणि जपणारं माणूस. दोघांनाही मिळाली ती रायफल.

१९७१पर्यंत सुमारे साडेतीन लाख जण असे घेतले गेले. त्यांत कृष्णवर्णीयांचं प्रमाण लोकसंख्येतल्या वाट्याहून कितीतरी जास्त होतं. वाचन सुधारण्याचे वर्ग फार थोड्यांच्या वाट्याला आले. तांत्रिक कामांसाठी पुन्हा चाचणीचे गुण बघितले जात, म्हणून बरेच जण थेट पायदळात गेले. तिथे नकाशा समजणं, सूचना लक्षात ठेवणं, पायाखालची तार वेळीच ओळखणं यावर जीव अवलंबून. त्यांचा मृत्युदर इतर सैनिकांच्या जवळपास तिप्पट होता, असा हिशेब नंतर मांडला गेला. वाचून परतलेल्यांचं काय? नव्वदच्या सुमारास संशोधकांनी त्यांची तुलना तसेच गुण असलेल्या, पण सैन्यात न गेलेल्या लोकांशी केली. सैनिकांचं भलं झाल्याचं दिसलं नाही. उलट कमाई आणि शिक्षणात ते मागेच होते.

'बुद्धीत फरक असतोच, मग गरिबांवर खर्च कशाला?' असं म्हणणारे या गोष्टीचा सोयीने वापर करतात. पण इथे खर्च झालाच कुठे? फरक सगळ्यांना ठाऊक होता. भरतीच्या टेबलावर तो आकड्यात लिहिलेला होता. त्या आकड्याने कोणाला घ्यायचं ते ठरलं. घेतल्यावर त्याला काय लागेल, हे ठरवायला मात्र तो कोणी वापरला नाही. संधी दिली, असं सरकारने जाहीर केलं. ती पेलण्यासाठी लागणारी मदत मागे राहिली आणि तिची किंमत त्या मुलांनी मोजली.