राखीव माणसे

बर्नार्ड मॅलमड यांची 'द नॅचरल' ही कादंबरी १९५२ मध्ये प्रसिद्ध झाली आणि बेसबॉलला पुराणकथेची झळाळी लाभली. आमच्या मते त्याच काळातील या खेळाचा खरा इतिहास मात्र करारनाम्यांत दडलेला आहे.

प्रसिद्ध संघांच्या खाली, अमेरिकेतील लहानसहान गावांच्या मैदानांवर हजारो व्यावसायिक खेळाडूंचे एक वेगळेच जग नांदत होते. त्यास 'मायनर लीग' म्हणत. १९४९ मध्ये अशा ५९ लीग होत्या आणि त्यांचे सामने पाहण्यास सुमारे चार कोटी प्रेक्षक लोटले. तळाच्या 'डी' वर्गापासून 'ट्रिपल ए'पर्यंत ही उतरंड रचलेली होती. वेतन हंगामापुरतेच, हिवाळ्यात दुसरे काही काम शोधावयाचे. रात्रभर बसमध्ये अवघडून बसावयाचे आणि दुसऱ्या दिवशी मैदानावर उतरावयाचे.

ब्रांच रिकी यांनी सेंट लुईस कार्डिनल्ससाठी अशा संघांची जी साखळी उभारली, ती 'फार्म सिस्टिम' म्हणून ओळखली गेली. शेतच ते, पीक खेळाडूंचे! येथे आम्हांस आपला सालगडी आठवतो. त्याची पिळवणूक काही कमी नव्हती. परंतु अंगावर उचल नसेल तर पाडव्याला साल संपताच त्याला दुसरा मालक धरता येई. बेसबॉलपटूस तेवढीही मुभा नव्हती. 'रिझर्व्ह क्लॉज' या कलमामुळे हंगाम संपला तरी त्याच्यावरील क्लबचा हक्क संपत नसे. क्लबने त्याला विकावे, बदलीत द्यावे. त्याने स्वतःहून कोठे जाऊ नये.

जॉर्ज टूलसन या पिचरने याविरुद्ध दाद मागितली. यांकीजच्या नेवार्क येथील 'ट्रिपल ए' संघातून त्याला बिंगहॅम्टनच्या खालच्या वर्गातील संघात जाण्याचा हुकूम झाला. तो गेला नाही, म्हणून त्याला अपात्र ठरविण्यात आले. १९५३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी क्लबची बाजू उचलून धरली. १९२२ च्या निकालाने बेसबॉलला मक्तेदारीविरोधी कायद्यातून सूट मिळाली होती. ती बदलावयाची तर काँग्रेसने बदलावी, एवढेच न्यायालयाचे म्हणणे. एका माणसाच्या उपजीविकेचा प्रश्न, आणि बहुमताचे निकालपत्र जेमतेम एका परिच्छेदाचे!

कृष्णवर्णीयांच्या वाट्याला आणखी एक कुंपण होते. त्याच १९५३ मध्ये हँक आरन जॅक्सनव्हिलकडून साउथ अटलांटिक लीगमध्ये खेळला आणि लीगचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. पण सहकारी उतरत त्या हॉटेलांत त्याला खोली मिळत नसे.

'रिझर्व्ह क्लॉज'ची पकड १९७५ मध्ये सुटली, ती मेजर लीगच्या खेळाडूंपुरती. १९९८ मध्ये काँग्रेसने मक्तेदारीविरोधी कायद्याचे संरक्षण खेळाडूंना दिले, तेही मायनर लीगला वगळून. या खेळाडूंचा पहिला सामूहिक करार झाला २०२३ मध्ये.