महाराष्ट्राची भूमी ज्वालामुखीने कशी घडली?

महाराष्ट्रात आज एकही जागृत ज्वालामुखी नाही. तरीही राज्याचा ८० टक्क्यांहून अधिक भूभाग ज्वालामुखीतून बाहेर पडलेल्या लाव्हारसाचा बनलेला आहे. सह्याद्रीचे कडे, अजिंठा-वेरूळची लेणी, विदर्भ-मराठवाड्यातील काळी जमीन आणि उन्हाळ्यात कोरड्या पडणाऱ्या विहिरी या सर्वांचा संबंध सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या उद्रेकांशी पोहोचतो.

उद्रेक कसा होतो?

पृथ्वीच्या कठीण कवचाखाली प्रावरण नावाचा अतितप्त खडकांचा थर आहे. तेथील खडक प्रचंड दाबामुळे बहुतांशी घनरूपच असतात. मात्र काही ठिकाणी दाब कमी होतो, तापमान वाढते किंवा खडकात पाणी मिसळते. अशा वेळी खडकाचा काही भाग वितळून शिलारस तयार होतो. तो सभोवतालच्या खडकापेक्षा हलका असल्याने वर सरकतो. त्यात पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड आणि सल्फर डायऑक्साइड हे वायू विरघळलेले असतात. पृष्ठभागाजवळ दाब उतरला की हे वायू बुडबुड्यांच्या रूपाने सुटू लागतात आणि शिलारसाला बाहेर ढकलतात. भूपृष्ठावर आलेल्या शिलारसाला लाव्हारस म्हणतात.

उद्रेक शांत होईल की स्फोटक, हे मुख्यतः शिलारसातील सिलिकाचे प्रमाण आणि वायूंचे प्रमाण यांवर ठरते. सिलिका कमी असलेला बसाल्टी रस पातळ असतो. त्यातून वायू सहज निसटतात आणि तो नदीसारखा दूरवर वाहतो. सिलिका जास्त असलेला रस चिकट असतो. त्यात वायू कोंडून राहतात आणि अखेर स्फोट होऊन राख, दगड व वायू आकाशात फेकले जातात.

दख्खनचे थर

दख्खनच्या पठारावर झालेले उद्रेक प्रामुख्याने पहिल्या प्रकारचे होते. लाव्हारस शंकूच्या आकाराच्या एखाद्या पर्वतातून आला नाही. जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून तो पुनःपुन्हा बाहेर आला. भारतीय उपखंड त्या काळी उत्तरेकडे सरकत होता. आज हिंदी महासागरातील रीयुनियन बेटाखाली असलेल्या तप्त केंद्रावरून जाताना हे उद्रेक झाले, असे बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात.

एका थरावर दुसरा थर साचत गेला. पश्चिम घाटात या थरांची एकूण जाडी दोन किलोमीटरच्या आसपास भरते, तर पूर्वेला नागपूरकडे ती बरीच कमी होते. राज्यातील सर्वोच्च शिखर कळसूबाई (१,६४६ मीटर) याच खडकाचे आहे. घाटातील डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात ते या थरांमुळे. त्यावरूनच पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दापासून 'ट्रॅप' हे नाव पडले. आज हा खडक सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर क्षेत्रावर आढळतो. झीज होण्यापूर्वी त्याचा विस्तार याहून बराच मोठा होता.

बंगळूरच्या खाली वेगळा खडक

या लाव्ह्याची दक्षिण सीमा बेळगावच्या परिसरात संपते. त्यामुळे बंगळूरचे चित्र निराळे आहे. राजाजीनगरसारख्या वसाहती ज्या भूमीवर उभ्या आहेत, तिच्या तळाशी पट्टिताश्म म्हणजेच नाइस हा खडक आहे. लालबागेतील टेकडीवर तो उघडा दिसतो. सुमारे ३०० कोटी वर्षे वयाचा हा खडक राष्ट्रीय भूशास्त्रीय स्मारक म्हणून घोषित झालेला आहे.

महाराष्ट्राच्या लाव्ह्याखालीही असाच अतिप्राचीन खडक दडलेला आहे. १९९३च्या भूकंपानंतर किल्लारी येथे घेतलेल्या छिद्रात सुमारे ३४० मीटर बसाल्ट ओलांडल्यावर तो लागला. कोयना परिसरातील खोल छिद्रांमध्ये त्यासाठी एक किलोमीटरच्या आसपास जावे लागले. बंगळूरमध्ये पायाखाली असलेला खडक महाराष्ट्रात लाव्ह्याच्या जाड गोधडीखाली झाकला गेला आहे.

जीवसृष्टीवरील परिणाम

दख्खनचे उद्रेक आणि डायनासोरांचा अंत यांचा काळ जवळपास एकच आहे. मेक्सिकोतील चिक्शुलूब येथे पडलेला अशनी हे या विनाशाचे प्रमुख कारण मानले जाते. दख्खनमधून बाहेर पडलेल्या वायूंनी हवामान बिघडवून त्याला किती हातभार लावला, यावर शास्त्रज्ञांत अजून मतभेद आहेत.

अलीकडच्या इतिहासातील उदाहरणे अधिक स्पष्ट आहेत. आइसलँडमध्ये १७८३ साली लाकी येथे भेगेतून उद्रेक झाला आणि तो आठ महिने चालला. विषारी वायूंनी कुरणे नासली, जनावरे दगावली आणि दुष्काळात देशाची सुमारे एक पंचमांश लोकसंख्या मृत्युमुखी पडली. इंडोनेशियातील तांबोराच्या १८१५च्या उद्रेकानंतर १८१६ साली युरोप व उत्तर अमेरिकेत उन्हाळा जवळपास आलाच नाही. फिलिपिन्समधील पिनाटुबोच्या १९९१च्या उद्रेकाने पृथ्वीचे सरासरी तापमान सुमारे अर्ध्या अंशाने तात्पुरते उतरले. मात्र तेथे पूर्वसूचना मिळून हजारो लोकांना आधीच हलविण्यात आल्याने मोठी प्राणहानी टळली. याउलट कोलंबियात १९८५ साली नेवाडो देल रुइझच्या उद्रेकाने बर्फ वितळून चिखलाचा लोंढा आला. धोक्याचा नकाशा तयार असूनही आर्मेरो शहर वेळेत रिकामे झाले नाही आणि २० हजारांहून अधिक लोक गाडले गेले.

दूरचा ज्वालामुखी, जवळचा त्रास

इथिओपियाच्या अफार प्रदेशातील हेली गुब्बी ज्वालामुखीचा २३ नोव्हेंबर २०२५ रोजी उद्रेक झाला. त्याची राख तांबडा समुद्र, येमेन व ओमान ओलांडून दुसऱ्याच दिवशी भारताच्या आकाशात पोहोचली. अनेक विमानफेऱ्या रद्द कराव्या लागल्या. ज्वालामुखीची राख म्हणजे खडक आणि काचेचे बारीक कण असतात. ते इंजिनाच्या उष्णतेत वितळून पात्यांवर थिजतात. १९८२ साली जावा बेटाजवळ अशा राखेत सापडलेल्या एका प्रवासी विमानाची चारही इंजिने बंद पडली होती. ती पुन्हा सुरू झाल्याने विमान जाकार्ता येथे सुखरूप उतरले.

माती, लेणी आणि पाणी

बसाल्टची झीज होऊन काळी कसदार माती तयार झाली. ती ओल धरून ठेवते, म्हणून कपाशीला मानवते. एकसंध कातळामुळे वेरूळचे कैलास लेणे वरून खाली कोरत नेणे शक्य झाले. पोकळ्यांत साचलेल्या झिओलाइट खनिजांसाठी पुणे, नाशिक व जळगावचा परिसर जगभर ओळखला जातो.

पाण्याच्या बाबतीत मात्र हा खडक कंजूष आहे. अखंड कातळात पाणी मुरत नाही. ते साठते वरच्या मुरमात, भेगांत आणि विहीर खोदणारे ज्याला 'मांजऱ्या' म्हणतात त्या कुहरी थरात. त्यामुळे एका शेतात विहिरीला पाणी लागते आणि शेजारच्या शेतात लागत नाही. विंधन विहीर कितीही खोल नेली तरी पाण्याची हमी नसते. दुष्काळी भागात कर्ज काढून घेतलेले छिद्र कोरडे निघाले की शेतकऱ्याचे सारे गणित कोलमडते. म्हणूनच या प्रदेशात पावसाचे पाणी अडवून वरच्या थरांत जिरविण्याला पर्याय नाही.

भारतातील जागृत ज्वालामुखी

देशातील एकमेव जागृत ज्वालामुखी अंदमान समुद्रातील बॅरन बेटावर आहे. दीडशे वर्षांहून अधिक काळ शांत राहिल्यानंतर १९९१ साली तो जागा झाला आणि त्यानंतर अधूनमधून उद्रेक होत आले आहेत. २०१७च्या जानेवारीत गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पथकाने त्यातून राख व लाव्हारस बाहेर पडताना पाहिला. बेटावर मनुष्यवस्ती नाही.

महाराष्ट्रात पुन्हा उद्रेक होईल का?

तशी कोणतीही चिन्हे नाहीत. ज्या तप्त केंद्रामुळे उद्रेक झाले, ते आता हजारो किलोमीटर दूर आहे. कोयना (१९६७) आणि किल्लारी (१९९३) येथील भूकंप जुन्या खडकांतील भेगा सरकल्याने झाले. वज्रेश्वरी व उन्हवरे येथील गरम पाण्याचे झरे भेगांतून खोलवर जाऊन तापलेल्या पाण्याचे आहेत. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर एकेकाळी ज्वालामुखीचे समजले जाई. मात्र ते अशनीच्या आघाताने झाल्याचे तेथील खडकांच्या अभ्यासातून सिद्ध झाले आहे. महाराष्ट्रातील ज्वालामुखीचे पर्व केव्हाच संपले आहे. त्याने मागे ठेवलेला खडक मात्र आजही राज्याची शेती आणि पाणी ठरवीत आहे.