रुंद पडदा आणि घरातील तबकडी : चित्रपटेतिहासाच्या एका साधनाविषयी

चित्रपटाच्या इतिहासाचा अभ्यासक ज्या प्रतीवर विसंबतो तिचे स्वरूप काय, हा प्रश्न पुण्यात तरी टाळता येण्याजोगा नाही. कोल्हापुरात १९२९ साली निघालेली प्रभात फिल्म कंपनी १९३३ साली पुण्यास आली. तिच्याच आवारात १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली आणि १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची स्थापना याच नगरीत झाली. जानेवारी २००३ मध्ये इन्स्टिट्यूटच्या आवारातील नायट्रेट फिल्मच्या कोठारास आग लागून अनेक जुने चित्रपट जळाले, त्यांत प्रभातचेही होते. मूळ गेले म्हणजे नंतरच्या प्रतींना पुराव्याचे मोल येते. तथापि आपल्या विद्यार्थ्यांच्या हाती या प्रतीही क्वचितच पडतात. त्यांनी पाहिलेली असते ती व्हीसीडी किंवा डीव्हीडी, अलीकडे तिच्यावरूनच पुढे उतरविलेले चित्र.

या तबकड्यांचे दोष अस्पष्टता आणि ओरखडे एवढेच मानण्याचा प्रघात आहे. माझ्या मते त्याहून गंभीर दोष चौकटीचा आहे, कारण अस्पष्टता डोळ्यांस दिसते, कापलेली चौकट दिसत नाही.

बोलपटाची चौकट १९३२ पासून उंचीच्या १.३७ पट रुंद अशी ठरली. प्रभातचे बहुतेक चित्रपट या मापाच्या काळातील असून जुन्या दूरचित्रवाणी संचाच्या १.३३ या प्रमाणाशी ते जवळजवळ जुळतात. म्हणून पहिल्या पिढीच्या तबकड्यांत त्यांची चौकट फारशी बिघडण्याचे कारण नव्हते. संकट आले ते संचच रुंद, म्हणजे १.७८ प्रमाणाचे, झाल्यावर. पडदा भरून दिसावा या हट्टापायी जुने चित्र वरून व खालून छाटले, तर उंचीचा जवळजवळ चौथा हिस्सा जातो. दामले-फत्तेलाल यांच्या ‘संत तुकाराम’च्या (१९३६) शेवटी विमान वैकुंठाकडे वर जाते. त्या दृश्याचा अर्थच ऊर्ध्व दिशेत आहे, आणि छाटणाऱ्याने नेमके आकाश काढून घेतलेले असते!

रुंदपटाच्या बाबतीत अन्याय उलट दिशेने झाला. आँरी क्रेतिएँ या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या भिंगाने चित्र आडवे आकसून ३५ मि.मी. फिल्मवर बसविता येत असे व दाखविताना ते पुन्हा पसरता येई. याच युक्तीवर १९५३ साली अमेरिकेत सिनेमास्कोप अवतरला. आपल्याकडे गुरुदत्त यांनी ‘कागज के फूल’ (१९५९) या पद्धतीने काढला, छायाचित्रण व्ही. के. मूर्ती यांचे. त्यातील रिकाम्या स्टुडिओत दोन व्यक्ती परस्परांपासून अंतर राखून उभ्या आहेत आणि मधल्या काळोखात प्रकाशाचा झोत उतरतो. २.३५ प्रमाणाचे असे चित्र १.३३ च्या संचावर भरून दाखवावयाचे, तर रुंदीचे शंभरांतील त्रेचाळीस भाग टाकून द्यावे लागतात. मग दोघांपैकी एकास निवडावे, किंवा मूळ दिग्दर्शकाने न केलेली हालचाल करीत चौकट एकाकडून दुसऱ्याकडे सरकवावी. दोन माणसांमधील अंतर हाच ज्या दृश्याचा विषय, त्याचे यात काय उरते?

पूर्ण रुंदी राखून वरखाली काळे पट्टे सोडावेत, हा उपाय तत्त्वतः योग्य. पण त्याचे मोल गुणवत्तेत मोजावे लागे. पाल पद्धतीच्या व्हीसीडीवर चित्राच्या २८८ रेषा असतात. पट्टे सोडले की प्रत्यक्ष चित्रास सुमारे १६३ रेषाच लाभतात. डीव्हीडीवर ५७६ पैकी ३२६ मिळतात. डीव्हीडीत आकसून भरण्याचीही सोय होती व ती वापरली की तीच संख्या सुमारे ४३६ वर जाई. क्रेतिएँची भिंगातील युक्तीच येथे विद्युत्संकेतांत पुन्हा उपयोगी पडली, हे पाहून मौज वाटते. तेव्हा आमच्याकडील व्हीसीडी काढणाऱ्यांनी चौकट छाटली ती केवळ अडाणीपणाने असे म्हणणे न्याय्य होणार नाही. १६३ रेषांत मूर्तींचा प्रकाश तरी कोठला दिसावा?

‘अधिक चित्र म्हणजे अधिक खरे चित्र’ हा ग्रहही सोडावा लागतो. ‘शोले’ (१९७५) ३५ मि.मी. वर जवळजवळ चौकोनी चौकटीत चित्रित झाला व नंतर ७० मि.मी. साठी वाढवून २.२ प्रमाणात दाखविला गेला. म्हणजे वरखालची जागा फिल्मवर होती, परंतु त्या प्रेक्षागृहांतील पडद्यासाठी नव्हती. ती उघडी करणारी घरगुती प्रत प्रेक्षकास जास्त दाखविते आणि रचना ढिली करते. २०२५ मध्ये बोलोन्या येथे दाखविलेल्या जीर्णोद्धारित प्रतीत ७० मि.मी. चेच प्रमाण स्वीकारले गेले, ते उचितच झाले.

एक गोष्ट कानाची. सेकंदास २४ चित्रांचा चित्रपट पाल तबकडीवर बहुधा २५ च्या वेगाने उतरवीत. दोन तासांचा खेळ त्यामुळे सुमारे पाच मिनिटांनी आखूड होतो, आणि वेळीच दुरुस्ती केली नसेल तर आवाजही सुमारे पाऊण पट्टी चढतो. प्रभातपटांतील गायनावर लिहिणाऱ्या संशोधकाने अशा तबकडीवरून विष्णुपंत पागनिसांचा स्वर ठरवू नये. निदान आपण कोणती प्रत ऐकली, तिची लांबी किती मिनिटे भरली व चौकटीचे माप काय होते, हे प्रबंधात चित्रपटाच्या नावाशेजारी नोंदवावे. पोथीच्या पाठाची अशी नोंद आपण बिनतक्रार करतोच.